औषध, मद्य आणि घरातले मौन

पित्ताशयातील खडे काढण्याची शस्त्रक्रिया उद्यावर आलेली असते. संध्याकाळी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेपाशी येतात, कागद चाळतात आणि नेहमीचे प्रश्न विचारू लागतात. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, पूर्वी कधी भूल दिली होती का, एखाद्या औषधाचे वावडे आहे का. रुग्ण पंचेचाळिशीचा, कापडाच्या पेढीवर बसणारा. खाटेभोवती त्याचे वडील, पत्नी, धाकटा भाऊ आणि काकू. शेवटचा प्रश्न येतो, "मद्य, तंबाखू, काही व्यसन?" रुग्णाने तोंड उघडण्याआधीच वडील हसून सांगतात, "छे, डॉक्टरसाहेब, आम्ही जैन. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही." भूलतज्ज्ञ 'नाही' या रकान्यात खूण करतात. रुग्ण खिडकीबाहेर पाहत राहतो.

हे दृश्य कोणत्याही शहरातील कोणत्याही रुग्णालयात घडू शकते. वडील खोटे बोललेले नसतात. त्यांना जे ठाऊक आहे तेच त्यांनी सांगितलेले असते. मुलगा खरेदीसाठी भिवंडी-मुंबईला जातो, रात्री हॉटेलात व्यापारी मित्रांची बैठक जमते, आणि त्या बैठकीतला एक पेला सात-आठ वर्षांत आठवड्यातील चार रात्रींचे दोन-तीन पेले कसा झाला, हे घरात कोणाला कळलेले नसते. फार तर पत्नीला संशय असतो, आणि तिनेही तो कोणाजवळ बोलून दाखवलेला नसतो.

जैन आचारात मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक आहे. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त मद्यत्याग हा श्रावकाच्या आठ मूलगुणांत मोजला आहे. घराची प्रतिष्ठा ज्या व्रताशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली आहे, ते मोडल्याचे चारचौघांत सांगणे सोपे नसते. परंतु दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाला दिले जाणारे भुलीचे औषध, वेदनाशामक आणि प्रतिजैविक यांपैकी बरेच काही त्याच्या यकृतातून जाणार असते. आणि यकृत कसे वागेल हे कागदावरील खुणेवर ठरत नाही. ते गेल्या सात-आठ वर्षांच्या सवयीवर ठरते.

यकृताचे कामकाज

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते आणि दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग पोट आणि आतड्यांकडून आलेला असतो. म्हणजेच पोटात घेतलेली गोळी साऱ्या शरीराला मिळण्याआधी यकृताच्या दारात येते. आडतीच्या पेढीवर आलेला माल जसा आधी उतरवला, पारखला आणि तोलला जातो, आणि मगच पुढच्या गिऱ्हाइकाकडे रवाना होतो, तसेच काहीसे येथे घडते.

पुष्कळशी औषधे पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यांना मूत्रावाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढायचे तर त्यांचे रूप बदलावे लागते. हे काम विकरे करतात. डॉक्टर त्यांना एन्झाइम म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठा गट 'सायटोक्रोम पी-४५०' या नावाने ओळखला जातो. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये हे नाव दिले. हे द्रव्य कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेले असता ४५० नॅनोमीटर लांबीची प्रकाशलहर विशेषकरून शोषते, यावरून ते पडले. आज बाजारात असलेल्या औषधांपैकी फार मोठा हिस्सा या गटातील कोणत्या ना कोणत्या विकराच्या हातून जातो. डॉक्टर 'दिवसातून दोनदा' किंवा 'रात्री एक' असे लिहून देतात, त्यामागे यकृत ते औषध किती वेळात निकालात काढील याचा हिशेब असतो.

मद्यही याच दाराने येते. यकृतातील विकरे प्रथम त्याचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात करतात आणि नंतर त्याचे ॲसिटेट हे निरुपद्रवी द्रव्य बनवतात. या कामाला ठराविक गती असते. ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. तीन पेग म्हणजे ६० ग्रॅम. ते निकालात काढायला यकृताला सहा ते आठ तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. रात्री अकराला बैठक संपली असेल आणि सकाळी सातला रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी घेतली असेल, तर 'रात्रीचे रात्री गेले' असे मानता येत नाही. यकृत कदाचित रात्रीच्याच कामात गुंतलेले असते.

एका रात्रीचे पिणे आणि रोजचे पिणे

येथे एक गोष्ट उलटी वाटावी अशी आहे. मद्याचा औषधांवर होणारा परिणाम एकाच दिशेचा नसतो. कधीतरी पिणाऱ्याच्या आणि नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात तो परस्परविरुद्ध असू शकतो.

एखाद्या लग्नसमारंभात कोणी एका रात्री बरेच मद्य घेतले, तर यकृतातील काही विकरे त्या मद्यात अडकून पडतात. त्याच विकरांनी ज्या औषधाचा निकाल लावायचा, ते औषध ताटकळत राहते. रक्तातील त्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक होते आणि अधिक वेळ टिकते. गोळी एकच घेतलेली असते. परिणाम मात्र दीड-दोन गोळ्या घेतल्यासारखा होऊ शकतो.

जो वर्षानुवर्षे पितो त्याच्या यकृताची गोष्ट निराळी आहे. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे डॉ. चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सहकारी लिओनोर डिकार्ली यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की यकृतात मद्य जाळणारी दुसरीही एक यंत्रणा आहे, आणि सततच्या पिण्याने ती अधिकाधिक बलवान होत जाते. तिच्यातील मुख्य विकराला पुढे 'सीवायपी २ई१' असे नाव मिळाले. रोज माल जास्त येऊ लागला की पेढीवर हमाल वाढवावे लागतात, तसे यकृत हे विकर वाढवते. नियमित पिणाऱ्याला पूर्वीच्या दोन पेल्यांनी चढत नाही, याचे एक कारण हेही आहे. मग हे वाढलेले मनुष्यबळ औषधांनाही हात घालते. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध किंवा फिटचे फेनिटॉइन हे औषध अशा यकृतातून लवकर निघून जाऊ शकते. डॉक्टर मात्रा वाढवतात. रुग्णाने पिण्याचे कारण सांगितलेले नसते, म्हणून मात्रा का पुरत नाही हे त्यांना उमगत नाही. पुढे रुग्णाने पिणे सोडले, किंवा त्याचे यकृत सिऱ्होसिसने थकले, तर तीच वाढवलेली मात्रा अंगावर येते.

लीबर यांनी आणखी एक समजूत मोडून काढली. पूर्वी असे मानले जाई की पिणारा माणूस नीट जेवत नाही, म्हणून त्याचे यकृत बिघडते. व्यापारी बैठकांत आजही ऐकू येते, 'काजू-बदाम खात राहिले की काही होत नाही.' १९६० च्या दशकात त्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या लोकांना पुरेसा सकस आहार देऊन मद्याचा परिणाम पाहिला. सकस आहार असतानाही थोड्याच दिवसांत यकृतात चरबी साठू लागल्याचे आढळले. चांगले जेवण हे मद्याविरुद्धचे कवच नाही.

तापाची साधी गोळी

घराघरांत असणारे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, दातदुखी यांसाठी ते घेतले जाते, आणि ठरलेल्या मात्रेत ते बहुतेकांना सुरक्षितही आहे. त्याचा यकृतातील प्रवास मात्र जाणून घेण्यासारखा आहे.

पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग दोन सरळ मार्गांनी निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. पाच ते दहा टक्के भाग मात्र 'सीवायपी २ई१' या विकराच्या हाती लागतो, तेच जे रोजच्या पिण्याने वाढलेले असते. त्यातून 'नॅपक्वी' नावाचे अतिशय विषारी द्रव्य तयार होते. ते यकृताच्या पेशींना इजा करण्याआधी ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला पकडून निष्प्रभ करतो. ग्लुटाथायोन ही यकृताची राखीव शिल्लक आहे. शिल्लक आहे तोवर काही बिघडत नाही. नियमित पिणाऱ्याच्या यकृतात मात्र विष तयार करणारे विकर वाढलेले असते आणि विष शमवणारी शिल्लक घटलेली असते. खर्च वाढला आणि गल्ला रिता झाला, असा हा दुहेरी तोटा आहे.

अमेरिकेत १९९३ च्या फेब्रुवारीत एका गृहस्थांना फ्ल्यू झाला. ते थोरल्या राष्ट्राध्यक्ष बुश यांचे साहाय्यक म्हणून काम केलेले होते. रोज रात्री जेवणाबरोबर दोन-तीन पेले वाइन घेण्याची त्यांची सवय होती. काही दिवस त्यांनी पॅरासिटामॉलच्या दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्या घेतल्या. त्यांचे यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली, ते बेशुद्ध झाले, आणि तातडीच्या यकृतरोपणाने त्यांचा जीव वाचला. त्यांनी औषध कंपनीवर दावा केला. वेष्टणावर मद्याबद्दल इशारा नव्हता, हा त्यांचा मुद्दा होता. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील ज्युरीने त्यांना ८० लाख डॉलरहून अधिक भरपाई देवविली. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियम केला की दुकानात सहज मिळणाऱ्या वेदनाशामकांच्या वेष्टणावर असा इशारा हवाच: दररोज तीन किंवा अधिक पेले घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. ते गृहस्थ सुशिक्षित होते आणि वाइन घेण्यात त्यांना लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. माहितीच्या अभावी एवढे घडले. जेथे माहितीबरोबर बोलण्याचाही अभाव असतो तेथे धोका अधिकच.

निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम मानली जाते. नियमित पिणाऱ्यासाठी अनेक डॉक्टर ती २ ग्रॅमवर आणतात. ही मर्यादा नकळत कशी ओलांडली जाते ते पाहावे. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली की २.६ ग्रॅम झाले. सर्दीची म्हणून वेगळी गोळी घेतली; तिच्यातही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. तीही चार वेळा घेतली की आणखी १.३ ग्रॅम. एकूण ३.९ ग्रॅम. नावे दोन, रंग दोन, औषध एकच. न पिणाऱ्याला हे मर्यादेच्या काठावर आहे. पिणाऱ्याला त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

या विषबाधेची सुरुवात फसवी असते. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, उलटी, अशक्तपणा. कधी काहीच नाही. कावीळ आणि गोंधळलेपणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतो. ॲसिटिलसिस्टीन हे यावरील प्रभावी औषध आहे. एकाच वेळी फार गोळ्या पोटात गेल्या असतील तर ते पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. उशिरानेही देतात, पण तोवर हानी होऊन गेलेली असू शकते. म्हणून शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, रुग्णालय गाठावे.

उपवासाच्या दिवसांत

ग्लुटाथायोनची शिल्लक अन्नातून भरत असते. अन्न बंद झाले की ती घटते. पॅरासिटामॉल बाहेर टाकण्याच्या सरळ मार्गांपैकी एकाला शरीरातील साखरेचा साठा लागतो. लांब उपवासात तोही मंदावतो. पिट्सबर्ग येथील डॉक्टरांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पॅरासिटामॉलने यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दिवसाला ४ ते १० ग्रॅम, म्हणजे मर्यादेहून अधिक पण फार मोठी नव्हे, अशी मात्रा घेऊन ज्यांचे यकृत दुखावले होते, त्यांच्यात नुकत्याच झालेल्या उपासमारीचे प्रमाण लक्षणीय होते.

जैन घरांत याचा थेट संबंध पर्युषणाशी येतो. अठाई करणाऱ्या, केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणाऱ्या श्रावकाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकेदुखी होऊ शकते. बहुतेक तपस्वी त्या दिवसांत औषध घेत नाहीत. पारण्यानंतर मात्र अंग मोडून आले म्हणून गोळ्या घेतल्या जातात, आणि यकृताची शिल्लक भरून यायला अजून वेळ असतो. न पिणाऱ्या निरोगी माणसाने अशा वेळी एखादी गोळी घेतली तर घाबरण्याचे कारण नाही. ज्याला गुप्तपणे पिण्याची सवय आहे, त्याची स्थिती वेगळी.

असा माणूस पर्युषण आले की पुष्कळदा मनापासून पिणे थांबवतो. त्याचा हेतू शुद्ध असतो. पण यकृतातील वाढलेले विकर पिणे थांबताच नाहीसे होत नाही. ते ओसरायला काही दिवस जातात. मद्य पोटात असताना ते विकर मद्यात गुंतलेले होते. आता ते मोकळे असते आणि पॅरासिटामॉलचे विष अधिक वेगाने तयार करू शकते. त्यात उपवासाने राखीव शिल्लक घटलेली. डोके तर दुखतच असते, कारण सवय तुटलेली असते. मोठ्या मात्रेत, सलग काही दिवस, रिकाम्या पोटी गोळ्या घेण्याचा सर्वांत वाईट मुहूर्त हाच असू शकतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणे. मेंदूला मद्याची सवय झालेली असते. ते तुटताच पहिल्या दिवसभरात हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो आणि जीव धोक्यात येतो. शस्त्रक्रियेच्या त्या रुग्णालाही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णालयात हेच घडू शकते, आणि 'नाही' ही खूण पाहून डॉक्टर आधी भलतीच कारणे शोधत बसतात. पच्चक्खाण घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे. पण रोजचा पिणारा असेल त्याने ते पाळण्याची पद्धत आधी डॉक्टरांशी ठरवावी. योग्य औषधांच्या आधाराने हे दिवस सुरक्षित पार पडतात.

गल्ल्यावर बसणाऱ्यांची नेहमीची औषधे

बैठे काम, अवेळी जेवण आणि गोडधोड यांमुळे मधुमेह व्यापारी घरांत नवा राहिलेला नाही. दोन जेवणांच्या मधल्या काळात रक्तातील साखर टिकवून धरण्याचे काम यकृत करते. ते नवी साखर तयार करते. मद्य हे काम रोखते. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, फारसे न जेवता पिणाऱ्याची साखर मध्यरात्रीनंतर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, अडखळते बोलणे, झोकांडे. पाहणाऱ्याला वाटते की चढली आहे, झोपू द्यावे. त्या झोपेतून तो न उठण्याचा संभव असतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या रक्तात मद्याने लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका वाढतो, कारण ते आम्ल साफ करणेही यकृताकडेच असते.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, जसे अल्प्राझोलाम, मद्याबरोबर घेतल्यास मेंदूवर दोन्हींचा भार पडतो आणि यकृतात गोळीचा निकालही लांबतो. श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे मुळातच यकृताला जड असतात; सहा महिन्यांच्या त्या उपचारात पिणाऱ्याला कावीळ होण्याचा धोका अधिक असतो. सोरायसिस किंवा संधिवातासाठी आठवड्यातून एकदा दिले जाणारे मेथोट्रेक्सेटही याच यादीतले. मेट्रोनिडाझोल या जुलाबावरील औषधाबरोबर मद्य घेतल्यास उलट्या व धडधड होते असे दीर्घकाळ सांगितले गेले. त्याबद्दल अलीकडे संशोधकांत मतभेद आहेत, तरी वेष्टणावरील सूचना पाळणे हेच शहाणपणाचे.

घरच्यांचे गुपित

लपवाछपवी नेहमी पिणाऱ्याकडूनच होते असे नाही. 'चहात मिसळा, दारू सुटेल' अशा जाहिरातींच्या पुड्या आणि गोळ्या घरातील माणसे नाइलाजाने आणतात आणि जेवणात गुपचूप घालतात. यामागे बहुधा डायसल्फिरामची ख्याती असते.

त्या औषधाचा शोध मनोरंजक आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका रासायनिक कारखान्याच्या डॉक्टरांना दिसले की रबरासाठी लागणारे एक द्रव्य हाताळणाऱ्या कामगारांना मद्य सोसवेनासे झाले आहे. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे शास्त्रज्ञ जंतांवरील औषध म्हणून तशाच द्रव्याचा, डायसल्फिरामचा, अभ्यास करत होते. त्यांनी गोळ्या स्वतः घेतल्या आणि मेजवानीत मद्य घेताच दोघेही हैराण झाले. १९४८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध यकृतातील दुसरी पायरी अडवते. ॲसिटाल्डिहाइडचे ॲसिटेट होत नाही, विष साचते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो.

रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून दिलेले हे औषध अनेकांना उपयोगी पडते. ज्याला काही ठाऊक नाही आणि जो त्या रात्री नेहमीसारखाच पिणार आहे, त्याच्या पोटात ते गुपचूप घालणे प्राणघातक ठरू शकते. शिवाय डायसल्फिराम स्वतःच क्वचित यकृताला इजा करते. अनोळखी पुडीत काय आहे हे तर कोणालाच माहीत नसते. ज्या घरात नवरा पिणे लपवतो आणि बायको औषध लपवते, त्या घरात डॉक्टरांना खरी हकीकत सांगणारे कोणीच उरत नाही.

डायसल्फिराम घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांसारखी आसव-अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत स्वयंजनित अल्कोहोल असते. बाटलीवर बहुधा ५ ते १० टक्के असे लिहिलेले असते. होमिओपॅथीची मूळ अर्के आणि खोकल्याची काही सिरपे यांतही अल्कोहोल असते. चमच्या-दोन चमच्यांतील प्रमाण अल्प असते, पण डायसल्फिराम चालू असताना तेवढेही टाळण्यास सांगितले जाते. ज्यांना व्रतामुळे अशी औषधे नको असतात, त्यांनीही लेबल वाचून वैद्यांना पर्याय विचारावा.

सांगावे कोणी, कसे

डॉक्टरांना पापपुण्याचा हिशेब नको असतो. त्यांना चार गोष्टी हव्या असतात: काय घेता, एका वेळी किती, आठवड्यातून किती वेळा, आणि शेवटचे कधी घेतले. एवढ्या माहितीवर भूलतज्ज्ञ भुलीची मात्रा बदलतात, शस्त्रक्रियेनंतरच्या पॅरासिटामॉलची मर्यादा कमी करतात, सवय तुटल्याची लक्षणे येण्याआधी त्यावरील औषध सुरू ठेवतात.

नातेवाइकांसमोर बोलणे अशक्य असेल तर रुग्णाने "डॉक्टर, दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे" एवढे म्हटले तरी पुरे. कुटुंबानेही हा प्रसंग सोपा करावा. प्रश्न रुग्णाला विचारलेला असतो. उत्तर त्यालाच देऊ द्यावे. भूलतज्ज्ञ आले की वडीलधाऱ्यांनी चहाला म्हणून बाहेर जावे, ही साधी रीत घरात पाडता येते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. मेडिक्लेमच्या भीतीने लपवणारेही असतात. ही भीती समजण्यासारखी आहे; पण विम्याच्या अर्जात दडवलेली गोष्ट पुढे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते, आणि खाटेवर दडवलेली गोष्ट त्याहून महाग पडू शकते.

स्त्रियांना आणि शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या मुलामुलींनाही हे सारे लागू आहे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने रक्तातील प्रमाण अधिक चढते. आणि घरात सांगण्याची भीती तर तिला अधिकच असते.

सोडण्याची इच्छा असेल तर वाट आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनीही आहे. यकृत हा शरीरातील विलक्षण क्षमाशील अवयव आहे. सिऱ्होसिस होण्याआधी पिणे थांबले तर साठलेली चरबी पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरू लागते.

जैन परंपरेत आलोचना नावाचा एक विधी आहे. घडलेला दोष श्रावक गुरूंसमोर जसा घडला तसा सांगतो. कमी करून नाही, आणि कोणाच्या डोळ्यांत चढण्या-उतरण्याचा विचार करून नाही. दोष नेमका कळल्याशिवाय प्रायश्चित्त नेमके देता येत नाही, ही त्यामागची समजूत. औषधाची मात्रा ठरवणाऱ्यापुढेही याच सरळपणाची गरज असते.

त्या खाटेवरचा रुग्ण अजून खिडकीबाहेर पाहत असतो. भूलतज्ज्ञ निघण्याच्या बेतात असतात. त्याची पत्नी सासऱ्यांना म्हणते, "बाबा, तुम्ही आणि काकू खाली जाऊन चहा घेऊन या ना. मी थांबते इथे." दार लागते. ती स्वतःही उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. आत खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, आणि कागदावरची ती खूण खोडली जाते.